उपाशी ठेवलेले ससे

भास्कर, काल तुझा तेरावा झाला. लोक आले, जेवले, 'डॉक्टर म्हणजे देवमाणूस' असं म्हणून हात पुसत गेले. मी मान हलवत होतो. देवमाणूस कसला! चिडलास की हातातलं बूच भिंतीवर फेकून मारायचास आणि मग तेच बूच शोधायला आपण दोघं टेबलाखाली रांगायचो, हे त्या लोकांना कुठे ठाऊक? खरं सांगू, तू गेलास तेव्हा मला आधी रडू आलंच नाही, राग आला. चांगलं कडाक्याचं भांडण अर्धं टाकून असं कुणी उठून जातं का रे? चार दिवसांचा ताप तो काय, आणि तेवढ्यात सगळं आटोपून मोकळा झालास.

चारचौघांत मी तुला 'डॉक्टर, तुम्ही' म्हणायचो आणि दवाखान्याचं दार ओढून घेतलं की 'भास्क्या, तू'. एकाच मास्तरांच्या छड्या खाल्लेल्या माणसाला एकांतात अहोजाहो करणं माझ्या जिवावर यायचं. तू मुंबईला जाऊन डॉक्टर झालास, मी मॅट्रिकला दोनदा आपटलो आणि चौलला तुझा कंपाउंडर झालो. गावाला वाटायचं, विनायकाला आत कुठेतरी सलत असेल. छे! मला मजा वाटायची. औषधं कालवायची, पुड्या बांधायच्या, आणि माझं अक्षर बरं म्हणून तुझी इंग्रजी टिपणं स्वच्छ उतरवून काढायची. तुझं अक्षर म्हणजे शाईत पाय बुडवून कोंबडी नाचलेली. ते वाचायला शिकलो त्यातच माझं निम्मं इंग्रजी झालं.

आणि तो सूक्ष्मदर्शक! लग्नात सासऱ्यांनी हिऱ्याची अंगठी देऊ केली, तर तू म्हणालास, अंगठी नको, मला हे यंत्र हवं. पितळेचं ते धूड रेवसच्या बोटीतून मांडीवर धरून आणलंस तू, आणि शेजारी बसलेली नवी नवरी आपली ट्रंकेवर टेकून समुद्र बघत होती. यमुनावहिनी अजून सांगतात, 'भावजी, त्या दिवशी धक्क्यावर उतरताना ह्यांनी आधी यंत्राला हात दिला, मग मला.'

त्या यंत्रातून तू आमची सगळी आगरं पालथी घातलीस म्हटलं तरी चालेल. आमच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांतली माणसं पांढुरकी का दिसतात, चार पायऱ्या चढली की धापा का टाकतात, हे गावात कधी कुणी विचारलंच नव्हतं. हवापाणी, नशीब, झालं. तू काचपट्टीवर जंतांची अंडी दाखवलीस आणि म्हणालास, 'विन्या, हे पायातून शिरतात. ओल्या वाडीत अनवाणी शिंपणं करायचं, तिथंच पहाटे आडोशाला बसायचं, मग दुसरं काय होणार? आतड्याला आकड्यासारखे चिकटतात आणि रक्त पितात.' मी त्या दिवशी जेवलो नाही. तू मात्र वाटीभर ताकभात मागून घेतलास.

तेव्हा ओव्याच्या फुलाचं औषध देत होतास. घसा जळायचा, लोक एकदा घेऊन परत फिरकायचे नाहीत. मग ते नवं औषध आलं, कार्बन टेट्राक्लोराइड. पाण्यासारखं स्वच्छ, गोडसर वासाचं. जगभर हजारोंना देतायत म्हणून तुझ्या मासिकात छापून आलं होतं. पहिला डोस तू स्वतः घेतलास, दुसरा मला पाजलास. आपण दोघं दुपारपर्यंत दवाखान्याच्या ओट्यावर झिंगल्यासारखे हसत बसलो होतो, आठवतं? राघो भंडारी माडाची माडी उतरवून जाताना थांबला, बाटलीचा वास घेतला आणि म्हणाला, 'डागतर, ह्या दव्यात नि माझ्या माडीत फरक काय हाय? माझी स्वस्त हाय येवढाच.' त्याला तू दारू सोडल्याशिवाय डोस मिळणार नाही म्हणून सांगितलंस. 'मंग ऱ्हाऊ दे माजे जंत,' म्हणून तो चालता झाला. माणूस अजून ठणठणीत आहे रे, तुझ्या मयताला सगळ्यांच्या पुढे होता.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहितो आहे तिच्याकडे येतो. इतकी वर्षं मूग गिळून बसलो, आज बसायचं नाही.

औषध रिकाम्या पोटी द्यायचं होतं, आणि आमच्या लोकांना रिकामं पोट माहीत नाही. 'पेज घेतल्याबिगर दवा कसा घेऊ, डागतर?' सकाळी रांगेत उभी असलेली निम्मी माणसं चोरून काहीतरी खाऊन आलेली असायची. तू वैतागून बुचं फेकत होतास. तेव्हा अक्कल पाजळली ती मी. म्हटलं, भास्कर, द्वादशीला देऊ. वाडीवाले सगळे एकादशी करतात, आदल्या दिवशी पोटात काही नसतंच, उपास सोडायच्या आधी डोस पाजला की काम झालं. तू माझ्या पाठीत अशी थाप मारलीस की हातातली बाटली पडली असती. 'विन्या, हे कुठल्याही पुस्तकात नाही!' म्हणालास. मी ते महिनाभर गावभर सांगत हिंडलो. दर पंधरवड्याला द्वादशीच्या सकाळी दवाखान्यापुढे रांग लागायची, आणि मी रांगेच्या टोकाला जावयासारखा मिरवायचो.

एखाददुसऱ्याचे डोळे जरा पिवळे व्हायचे, चार दिवसांत उतरायचे. आपण म्हणायचो, पित्त असेल.

आक्का त्या रांगेत यायला तयार नव्हती. माझी थोरली बहीण, पण आई लवकर गेल्यामुळे मला तिनंच वाढवलं. तुलाही तिनंच. शाळेतून आलास की आधी तिच्या चुलीशी, मग तुझ्या घरी. अकराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली ती परत गेली नाही. वाडीचं शिंपणं, सुपारी सोलणं, माझा संसार, सगळं तिच्या अंगावर, आणि अंगात रक्त म्हणशील तर नखं उलटून बघितली की कागदासारखी. तू दर भेटीत तिला म्हणायचास, 'आक्का, एक डोस घे गं.' ती म्हणायची, 'भास्करा, तुझ्या त्या गोड पाण्यानं माझे उपास मोडतील.' शेवटी मीच हात धुऊन तिच्या मागे लागलो. औषधानं उपास मोडत नाही, उलट उपासानंच औषध लागू पडतं, असलं काय काय बोललो. ती तयार झाली ती माझ्यासाठी.

त्या पंधरवड्यात पंचांगात दोन एकादश्या आल्या होत्या, आदल्या दिवशी स्मार्त आणि दुसऱ्या दिवशी भागवत. गावानं पहिली केली आणि दुसऱ्या दिवशी रांगेत येऊन औषध घेतलं. आक्कानं दोन्ही धरल्या. दोन्ही निर्जळी. 'देवाच्या दारात आलेली एकादशी परत कशी पाठवू?' हे तिचं बोलणं. म्हणून ती रांगेच्या दुसऱ्या दिवशी आली. तू रेवदंड्याला अडलेल्या बाईकडे गेला होतास. तुझा हुकूम होता की तुझ्या डोळ्यांदेखत असल्याशिवाय डोस द्यायचा नाही. पण आक्का पुन्हा येईल याची काय खात्री? आणि मनात म्हटलं, दोन दिवसांचं रिकामं पोट म्हणजे आणखीच चांगलं. मी मोजून डोस घातला, वर जुलाबाचं मीठ दिलं. तिनं तोंड वाकडं करून घेतलं आणि मला म्हणाली, 'झालं तुझं समाधान?'

तिसऱ्या दिवशी तिचे डोळे हळदीसारखे झाले. मग ओकाऱ्या. तू रात्रंदिवस तिच्या उशाशी होतास. मला अलिबागेला पिटाळलंस ग्लुकोज आणायला. मी आणलं, तू शिरेतून दिलंस, पण आठव्या दिवशी ती गेली. तुझ्या हातावर गेली. मला ती जाताना ओळखतसुद्धा नव्हती.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो तेव्हा तू मला विहिरीपाशी गाठलंस. म्हणालास, 'विन्या, आदल्या दोन दिवसांत तिनं काय खाल्लं होतं, नीट आठवून सांग.' आणि भास्कर, मी तुला खोटं सांगितलं. म्हणालो, पहिली एकादशी तिनं सोडली होती, त्या दिवशी जेवली होती, फक्त दुसरी केली. तू म्हणालास, 'बरं.' एवढंच. मी घरी येऊन दार लावून घेतलं. मला भीती तुझी नव्हती. तू जर म्हणाला असतास की दोन दिवसांच्या उपासानं घात केला, तर त्याचा अर्थ तिला मी मारलं असा होत होता. आणि मग मी जगलो नसतो असं नाही, पण कसा जगलो असतो ते मला माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून तू ते औषध बंद केलंस. पुन्हा ओव्याचं फूल, पुन्हा लोकांच्या शिव्या. आणि मग आले तुझे ससे.

ते दिवस आठवले की मला आजही हसू येतं, अशा वेळी येऊ नये तरी. मागच्या पडवीत पिंजरे, पडवीभर लेंड्या, वहिनींच्या अळवाचा फडशा. एकाही सशाला तू नाव ठेवू देत नव्हतास आणि वहिनी प्रत्येकाला नाव ठेवायच्या. यकृताचे पातळ काप काढायला यंत्र नव्हतं, म्हणून न्हाव्याकडून वस्तरा परजून घ्यायचास. तो बिचारा विचारायचा, 'डॉक्टरसाहेब, हजामत कोणाची?' तू म्हणायचास, 'यकृताची.' मेणबत्त्या वितळवून त्यात तुकडा बसवायचा, काप काढायचा, रंगवायचा, काचेवर घ्यायचा. शंभरातला एखादा धड यायचा. तो आला की तू अशी हाक मारायचास की रस्त्यावरचा माणूस आत डोकावायचा.

मला तू पहिल्यांदा निरोगी काप दाखवलास तेव्हा म्हणालास, 'बघ, आपली वाडीच आहे. मध्ये विहीर, आणि विहिरीपासून निघालेल्या पोफळींच्या रांगा. एकेक पेशी म्हणजे एकेक झाड.' मग औषध दिलेल्या सशाचा काप ठेवलास. विहिरीभोवतीची झाडं मेलेली, बाकीची फुगून तेलकट झालेली. कडेची तेवढी हिरवी. मी यंत्रावरून डोळा बाजूला घेतला. तू खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, 'कडेची झाडं पुन्हा रान भरून काढतात रे, वेळ मिळाला तर.' आक्काला वेळ मिळाला नव्हता.

तू एकेक कारण घेऊन बसायचास. औषधाची बाटली खराब होती का? त्या बाटलीतलं सशांना दिलंस, तसं काही निघालं नाही. तेलातुपामुळे झालं का? सशांना खोबरेल पाजलंस, आणि वहिनी पंधरा दिवस तुझ्याशी बोलल्या नाहीत. मग चुन्याची गोष्ट निघाली. विड्यातला चुना अंगात असला की हे औषध बाधत नाही अशी तुझी खात्री पटली होती. गाव दिवसभर पान खातं. विधवा बाई विडा खात नाही. म्हणून आक्का गेली. किती खूश झाला होतास तू! मला म्हणालास, 'विन्या, चुनाच असणार. चुनाच असू दे.' सशांना चुन्याची निवळी पाजली, त्यांना थोडाफार फरक पडलासुद्धा, पण तेवढ्यानं भागेना.

मिठाच्या सत्याग्रहाच्या साली फौजदार आले. कुणीतरी चुगली केली होती की डॉक्टर मागच्या पडवीत काहीतरी शिजवतात. फौजदारांनी जुलाबाच्या मिठाची बरणी उचलली आणि म्हणाले, 'हे मीठ कुठून आलं?' तू अगदी गंभीरपणे म्हणालास, 'चव घेऊन बघा.' त्यांनी चमचाभर घेतलं. रेवदंड्याला पोचेपर्यंत त्यांना चार ठिकाणी घोड्यावरून उतरावं लागलं म्हणे. तो ऐन थंडीचा दिवस होता, त्या संध्याकाळी वाडीत पोपटी लावली, आणि मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा सोलताना तू हसून हसून रडायला लागलास. आपल्या सगळ्या वर्षांतला तो एक दिवस मी पुन्हा मागून घेईन.

पण हसून झालं की घरी जाताना विहिरीपाशी सांगितलेलं खोटं मला आठवायचं. एवढा हुशार माणूस तू, तेल पाजलंस, चुना पाजलास, दारू पाजलीस, पण सशाला नुसतं उपाशी ठेवून औषध द्यायचं तुला कधी सुचलं नाही. आणि मी जवळ उभा राहून बघत होतो. उलट तू मला ताकीद दिली होतीस: सशांना वेळेवर घालायचं, एकही जेवण चुकता कामा नये. मला वाटायचं, मुक्या जिवांची दया. मला तुझा राग यायचा. तूच शोधून काढावंस, माझ्या तोंडून यायला नको, असं मला वाटायचं. मी किती वेळा तुझ्याकडे तोंड उघडून आलो आणि 'बाटल्या संपल्यात' म्हणून परत गेलो.

शेवटी तू मुंबईला पुस्तकं बघायला गेलास तेव्हा मी तो उद्योग केला. डावीकडच्या पिंजऱ्यातल्या दोन सशांना दोन दिवस काही घातलं नाही. पाणीसुद्धा नाही. वहिनी माहेरी होत्या. ते जाळीला नाक लावून बसायचे आणि मी समोरच्या बाकावर बसून त्यांच्याकडे बघायचो. एकदा उठून गवत आणलं आणि परत ठेवून दिलं. तू आलास, नेहमीप्रमाणे सगळ्यांना थोडं थोडं औषध दिलंस. बाकीचे उड्या मारत राहिले, डावीकडचे दोन्ही तिसऱ्या दिवशी मेले.

तू काप बघितलास. बराच वेळ डोळा लावून होतास. मग डोकं न उचलता म्हणालास, 'ह्यांना घातलं नव्हतंस?'

'विसरलो,' मी म्हणालो.

'दोन दिवस?'

'दोन दिवस.'

तू माझ्याकडे बघितलंस. मी बरण्या पुसत होतो. तू चिडला नाहीस, बूच फेकलं नाहीस. 'पुन्हा करून बघावं लागेल,' एवढंच म्हणालास, आणि आवाज असा होता की जणू काही तुलाच शिक्षा झाली आहे. तीन महिने आपण ते केलं. उपाशी ठेवलेला मेला, गुळाचं पाणी पाजलेला वाचला. पुन्हा पुन्हा तेच. यकृतात साखर साठलेली असली की ते हा मार सोसतं, रिकामं असलं की सोसत नाही, हे तू मला समजावून सांगितलंस. मी 'असं होय' म्हटलं.

मग दवाखान्यावर तू पाटी लावलीस: उपासाच्या दुसऱ्या दिवशी औषध मिळणार नाही. आदल्या रात्री भात आणि गूळ खाऊन यायचं, दारू प्यायलेल्यानं यायचंच नाही. आणि ते औषध पुन्हा सुरू झालं. वाड्यांतली पोरीबाळी लाल गालांनी हिंडायला लागल्या. कुणाचाही डोळा पिवळा झाला नाही. तू गावचा देवमाणूस झालास तो तिथून.

आणि लेख लिहायला बसलास. मुंबईच्या डॉक्टरांच्या मासिकासाठी. तू लिहायचास, मी उतरवायचो. सशांचा भाग झाला, कापांचा भाग झाला, काय काय झालं, फक्त माणसांचा तक्ता तू मला देत नव्हतास. 'तो मी करतो,' म्हणायचास. वर्ष गेलं, दोन गेली, तीन गेली. मी म्हणायचो, लेख पाठव. आपल्याला कळलं ते दुसऱ्या गावांना कळू दे, तिकडे अजून कुणी उपाशीपोटी पाजत असेल. तू म्हणायचास, 'तक्ता व्हायचाय.' गेल्या महिन्यात मी तुझ्यावर तोंड टाकलं. म्हटलं, भास्कर, तू घाबरट आहेस. मोठे डॉक्टर हसतील म्हणून घाबरतोस. तू म्हणालास, 'असेन.' आणि छत्री घेऊन बाहेर पडलास. चार दिवस आपण बोललो नाही, पाचव्या दिवशी तुला ताप आला. तापात तू मला पाणी मागितलंस, उशी सरकवायला सांगितलीस, पण त्या भांडणावर आपण पुन्हा आलोच नाही.

काल सगळे गेल्यावर वहिनींनी मला आत बोलावलं. हातात तो तक्ता दिला. तुझ्या कोंबडीच्या अक्षरात, औषध घेतलेल्या साऱ्या माणसांची नावं, वय, कामधंदा, पान खातो की नाही, दारू पितो की नाही, आणि शेवटच्या रकान्यात आदल्या दोन दिवसांचं जेवण. सगळं भरलेलं. आक्काच्या नावापुढे फक्त तो शेवटचा रकाना कोरा.

मी म्हणालो, 'वहिनी, ह्यात पहिल्या दिवशी जेवली असं त्याला लिहिता आलं असतं. मी सांगितलं होतं त्याला.'

वहिनी म्हणाल्या, 'भावजी, त्यांना ठाऊक होतं.'

 मी ट्रंकेवर बसलो. वहिनींनी मग सगळं सांगितलं. मी अलिबागेला ग्लुकोज आणायला गेलो होतो ना, त्या दुपारी आक्का शुद्धीवर होती. तूच तिला विचारलंस, काय खाल्लं होतंस म्हणून, आणि तिनं सांगून टाकलं, दोन्ही निर्जळी केल्या, विनूला माहीत आहे. आणि तुझा हात धरून म्हणाली, 'भास्करा, ह्यातलं काही निघालंच, तर विनूला कळू देऊ नकोस. त्यानं मला बरं करायला दिलं होतं.'

म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून कळलं होतं. तेल, चुना, दारू, ते सगळे ससे, एवढी वर्षं, सगळं कशासाठी, तर उपासाशिवाय दुसरं काही कारण सापडावं म्हणून! माझ्यासाठी. आणि मी एके दिवशी दोन ससे उपाशी ठेवून तुझा तो शोध संपवून टाकला. अरे, तू शास्त्रज्ञ कसला रे? इतकी माणसं ओव्याच्या फुलानं घसा भाजून घेत होती, आणि तू एका कंपाउंडरच्या जिवासाठी खरं कारण बाजूला ठेवून बसलास? मला तुझा भयंकर राग आला आहे, भास्कर. आणि तुझ्याएवढं माझ्यावर ह्या जगात कुणी केलं नाही. हे दोन्ही खरं आहे, आणि ह्यातलं एकही मी तुला तोंडावर सांगू शकलो नाही.

मी वहिनींना विचारलं, मग ती जागा त्यानं कोरी का ठेवली? त्या म्हणाल्या, 'ते म्हणायचे, खोटं मला लिहिता येत नाही आणि खरं मी लिहिणार नाही. विनायक भरेल तर भरेल.'

आज दिवसभर बसून मी तक्ता स्वच्छ अक्षरात उतरवला. आक्काच्या ओळीपर्यंत आलो. तू असतास तर म्हणाला असतास, राहू दे. म्हणूनच थांबलो नाही. लिहिलं: दोन दिवस अन्न नाही, पाणी नाही. औषध देणाऱ्याला हे माहीत होतं.

लेखाच्या वर तुझं नाव आहे, भास्कर. त्याखाली मी माझंही घातलं आहे. मोठेपणासाठी नव्हे. ती ओळ वाचून कुणी विचारलं, देणारा कोण, तर त्याला उत्तर द्यायला माणूस हवा.